बेचाळिसावं नाव

माद्रिद, ४ डिसेंबर २००६

ताता,

तुम्ही आजोबा झालात. मुलगी आहे, नाव नायरा ठेवलंय. आज सव्वीस दिवसांची झाली. केस तुमच्यासारखे ताठ आहेत, कितीही पाणी लावा, बसत नाहीत. तिचा बाप बार्सिलोनाला कामासाठी म्हणून गेला तो गेलाच, तेव्हा त्याच्याबद्दल विचारू नका. मी रडत बसलेली नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण उयुनीच्या टपरीतून फोन केला की तुमच्यामागे दहा माणसं ताटकळत असतात आणि तुम्ही नुसते "हं, हं" करता. पत्रात तरी तुम्ही बोलता.

आता नीट ऐका. एक एप्रिलपासून आपल्या लोकांना इथं यायला आधी व्हिसाचा शिक्का लागणार आहे, आणि तो तुमच्या-माझ्यासारख्यांना मिळत नाही. तोवर नुसत्या पासपोर्टवर येता येतं. तुम्ही मार्चमध्ये या. मला तिकडे येता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्याकडे कागद नाहीत, एकदा बाहेर पडले की परत आत घेणार नाहीत. म्हणजे तुम्ही आता आला नाहीत, तर नायराला बघणार कधी?

तिकिटाची काळजी करू नका, ते माझ्याकडे लागलं. सांताक्रूझपासून माद्रिद आठ हजार नऊशे किलोमीटर आहे. अकरा तास लागतात. तुम्हाला काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं आहे. जेवणसुद्धा जागेवर आणून देतात.

देल्फिना

(इथं मला कुणी देल्फिना म्हणत नाही. आत्तेबहिणीच्या कागदांवर काम करते, म्हणून सगळ्यांसाठी मी रोसाउरा आहे. पाकिटावर तेच नाव घाला.)


कोल्पाणी, २ जानेवारी २००७

पोरी,

तुझं पत्र मिठाच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. मी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा आपल्या जुन्या मित्राला, कोंपाद्रे इलारियोनला, वाचून दाखवलं. तो म्हणाला, "केस तुझ्यासारखे असतील तर पोरीचं नशीब खोटं." मग दोघांनी नायराच्या नावाने एक बाटली संपवली. देव तिला लांब आयुष्य देवो.

मी हिशेब मांडला. लामांचा तांडा दिवसाला वीस किलोमीटर चालतो, त्याहून जास्त हाकलला तर जनावर मटकन खाली बसतं. आठ हजार नऊशे म्हणजे चारशे पंचेचाळीस दिवस. वर्ष आणि वर ऐंशी दिवस. मी उभ्या आयुष्यात सगळ्यात लांब गेलो तो तारिहाच्या खोऱ्यात, मीठ देऊन मका आणायला, जाऊन-येऊन अडीच महिने. तेव्हा तुझी आई म्हणाली होती की आता तुम्ही परत येत नाही असं वाटलं होतं.

आणि तू म्हणतेस अकरा तास. कोकाच्या पानांचा एक विडा गालात धरला की चाळीस मिनिटं टिकतो. म्हणजे साडेसोळा विडे. मी दाराशी बसून एकामागून एक सोळा विडे चघळले, फक्त एवढा वेळ केवढा असतो ते बघायला. सकाळी बसलो, सूर्य मावळला तेव्हा उठलो. तेवढ्यात वर्षभराची वाट सरते. इलारियोनला सांगितलं तर म्हणाला, "तुझा जबडा दुखला असेल." त्याला कशाचंच नवल वाटत नाही.

मी येईन. पण वाटेवरची नावं पाठव. तुला ठाऊक आहे, निघायच्या आधी टेकडीवर उभं राहून वाटेतल्या प्रत्येक डोंगराचं, नदीचं, मुक्कामाचं नाव क्रमाने घ्यायचं आणि प्रत्येकाला दारूचा एकेक थेंब द्यायचा. आणि पोचल्यावर, सगळ्यात शेवटी, ज्या दाराशी जायचं त्याचं नाव. अनोळखी वाटेवर मी जनावरसुद्धा नेलं नाही कधी.

तुझा ताता, कासिमिरो


माद्रिद, २० जानेवारी २००७

ताता,

कसली नावं? खाली समुद्र आहे. पाणीच पाणी. तिथं ना डोंगर, ना कुरण, ना मुक्काम. विमानात दोन-अडीचशे माणसं असतात, त्यातलं एकही नावं घेत बसत नाही. चित्रपट बघतात आणि घोरतात.

खरं सांगू? तुम्हाला यायचं नाही. नाही म्हणवत नाही म्हणून डोंगर आणि नद्या मध्ये आणताय. मी नऊ महिने एकटीने काढले, दवाखान्यातून बाळ घेऊन बसने घरी आले, आणि तुम्ही मला थेंब कुठं ओतायचे ते विचारताय.

आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. सहा वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हाही तुम्ही नव्हता. अख्खं गाव बसशी आलं होतं, इलारियोनकाका तर रडत होते. माझा बाप मात्र पहाटेच उठून कुठंतरी निघून गेला. ड्रायव्हरने तुमच्यासाठी दहा मिनिटं गाडी थांबवली, मग म्हणाला, पोरी, आता निघायला हवं. मी आजवर विचारलं नाही. आज विचारते. कुठं होता तुम्ही?

देल्फिना


कोल्पाणी, ६ फेब्रुवारी २००७

पोरी,

विचारलंस ते बरं केलंस. मला आपणहून सांगवत नव्हतं.

मी टेकडीवर होतो. तुझ्या वाटेची नावं घ्यायला गेलो होतो. आपल्या दारापासून सुरुवात केली. मिठाच्या पठाराचं नाव घेतलं, उयुनीचं घेतलं, मग एकेक डोंगर, एकेक नदी करत सांताक्रूझपर्यंत सतरा नावं झाली. अठरावं काही येईना. सांताक्रूझच्या पुढं काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं. तिथल्या मैदानात तुला सोडून मी खाली कसा येणार? मी उभाच राहिलो. वाटलं, कधीतरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं एखादं नाव आठवेल. बाटली हातात तशीच. मग खालून बसचा आवाज आला. मी धावलो, पण बासष्ट वर्षांचे पाय ते, मी खाली पोचलो तेव्हा नुसती धूळ होती.

तू परत येऊ शकत नाहीस ते कागदांमुळे, असं सगळे म्हणतात. असेल तसं. पण माझ्या मनात सहा वर्षं एकच आहे. तुझी वाट सांताक्रूझपाशी तुटलेली आहे आणि ती मी तुटू दिली. पुढची नावं मी आधीच कुणाला तरी विचारायला हवी होती. शहाण्या माणसाने विचारली असती.

म्हणून विचारतो. समुद्र असेल तर समुद्राचं नाव सांग. काहीच नसेल तर तसंच लिही, मी तसाच येईन.

ताता


माद्रिद, २२ फेब्रुवारी २००७

ताता,

तुमचं पत्र वाचून मी कामाला गेले आणि मालकीण दोन्या रेमेदियोसच्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता रडले. तिला सांगितलं, कांदा चिरला. कांदा नव्हताच.

पण आता ऐका, मला काय सापडलंय ते.

या बाईंचे यजमान, दॉन लेआंद्रो, विमान चालवतात. उडून झालं की जुने कागद घरी आणतात आणि त्यांची मुलं कोऱ्या बाजूवर चित्रं काढतात. परवा धाकट्याने गाय काढून मला दिली. मी कागद उलटा केला तर मागे नावांची रांग होती. सांताक्रूझ सगळ्यात वर, माद्रिद सगळ्यात खाली, आणि मध्ये एकाखाली एक चोवीस नावं. मी साबणाचे हात तसेच घेऊन दॉन लेआंद्रोंपुढं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, ही कुठली गावं?

ते हसले. म्हणाले, "गावं नाहीत, रोसाउरा. तिथं काहीच नाही. आभाळातल्या जागा आहेत." समुद्रावरसुद्धा? समुद्रावरसुद्धा. माणसांनी नकाशावर ठिपके मांडले आणि प्रत्येकाला छोटंसं नाव दिलं, ज्याला काही अर्थ नाही, फक्त तोंडात बसतं. तिथून जाताना विमानवाला जमिनीवरच्या माणसाला ते नाव सांगतो. मी अमुक ठिकाणी पोचलो, पुढं तमुक. नाव आलं नाही तर खालचे लोक घाबरतात.

म्हणजे तुम्ही करता तेच, ताता. मी तुमच्यावर ओरडले, आणि इथं शिकली-सवरलेली माणसं रोज हेच करतात. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. मग चष्मा लावून सगळी नावं त्यांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून दिली. सोबत पाठवतेय. बोल्गा, इसाको, नुरेम, तोसिल… बाजूला लिहिलंय कुठं जंगल आहे, कुठं समुद्र सुरू होतो, बेटं कुठं लागतात. साधारण अर्ध्या अर्ध्या तासाला एक नाव येतं. तुमची सतरा आणि ही चोवीस, एकेचाळीस झाली. बेचाळिसावं माझ्या दाराचं.

तिकीट एकवीस मार्चचं आहे. तीन गोष्टी लक्षात ठेवा. कोका आणू नका, इथं चालत नाही. बाटलीही आणू नका. आणि इथल्या माणसाने विचारलं की कुणाकडे आलात, तर दोन्या रेमेदियोसचं नाव सांगा, तिला मी विचारलंय, तिने चिठ्ठी दिली आहे, ती जपा. माझं नाव मात्र कुणा गणवेशवाल्यापुढं काढू नका. मी सहा वर्षं काढलेलं नाही.

मी बाहेर उभी असेन. लाल पट्ट्यांच्या झोळीत नायरा असेल.

देल्फिना


माद्रिद, २४ मार्च २००७

ताता,

मी नऊ तास उभी होते. तुमच्या विमानातली शेवटची म्हातारी बाहेर आली, तिच्या पोरांनी तिला उचलूनच घेतलं, मग पुढच्या विमानाची माणसं यायला लागली. नायरा दोनदा भिजली. शेवटी दॉन लेआंद्रोंनी कुणाला तरी फोन केला. कळलं की तुम्ही आत होता आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने तुम्हाला परत पाठवणार होते, कारण तुम्ही कुणाकडे आलात तेच सांगत नाही.

तुम्हाला एकच नाव घ्यायचं होतं. चिठ्ठी तुमच्या खिशात होती. एकेचाळीस पाठ केलीत आणि एक सांगता आलं नाही?

मला काही सुचत नाही. नीट पोचलात का तेवढं कळवा.

देल्फिना


कोल्पाणी, १२ एप्रिल २००७

पोरी,

पोचलो. पाय जरा सुजलेत, बाकी ठीक. आता सगळं क्रमाने सांगतो, मग काय ओरडायचं ते ओरड.

टेकडीवर एकेचाळीस नावं घेतली. तोपर्यंत इलारियोन इतका प्यायला होता की त्याला खांद्यावर टाकून खाली आणावं लागलं. दर नावाला एक घोट त्याचाही, असं त्याने आपणच ठरवलं होतं. सांताक्रूझला माझा कोका एका झाडूवालीला देऊन टाकला. आपल्या पठारावरचं मीठ मात्र मूठभर रुमालात बांधून घेतलं.

विमान संध्याकाळी सुटलं. मी खिडकीशी होतो. आपल्या लामांचा पुढारी चढावर जसा आधी अंग चोरतो आणि मग एकदम निघतो, तसं ते निघालं. खाली दिवे होते, मग नव्हते. शेजारी एक शिंपी होता, व्हॅलेन्सियाला चाललेला. त्याच्या घड्याळात बघून मी दर नावाला मिठाचा एक खडा जिभेवर ठेवायचो आणि नाव घ्यायचो. बोल्गा. इसाको. खाली जंगल आहे असं कागदावर होतं, मला नुसता काळोख दिसत होता. थेंब देण्यासाठी संत्र्याचा रस घेतला, पण ओतायचा कुठं? खाली जमीनच नाही. थोडा बुटावर ओतला. परिचारिकेसारखे कपडे घातलेली पोरगी म्हणाली, "आजोबा, सांडलं का?" मी म्हटलं, नाही, दिलं. तिने कागदी रुमाल आणून दिला.

समुद्र लागला तेव्हा शिंपी झोपला होता. त्याचं घड्याळ मी त्याच्या मनगटावरच वाकून बघत राहिलो. आणि मग, अजून निम्मी नावं बाकी असताना, उजाडलं. रात्र एवढीशीच होती. शिंपी जागा होऊन म्हणाला की पूर्वेकडे जाताना पाच तास गळतात. कुठं गळतात ते बघायला मी खिडकीला नाक लावलं. खाली ढग होते, पांढरे, सपाट, क्षितिजापर्यंत. मला वाटलं आपलंच मिठाचं पठार आहे आणि मी त्याच्यावरून चालतोय. मग एका ठिकाणी ढग फाटले आणि पाणी दिसलं. पोरी, मी ते पाणी कसं सांगू. त्याला कडाच नव्हती. चारशे पंचेचाळीस दिवस चाललो असतो तरी त्याच्यावर पाय ठेवायला जागा मिळाली नसती. आणि त्या तसल्या ठिकाणी, जिथं कुणी राहत नाही, कुणी मरत नाही, तिथल्या रिकाम्या आभाळालाही माणसांनी नावं दिली आहेत. मी तोसिल म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तुझ्या आईला हे सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

एकेचाळीस नावं बरोबर संपली आणि चाकं टेकली.

मग रांग. काचेमागे एक बाई, गणवेशातली, तुझ्याच वयाची. तिच्यात वाईट काही नव्हतं, हे मी आधीच सांगतो. तिने विचारलं, "आजोबा, कुणाकडे आलात?"

चिठ्ठी माझ्या हातात होती. मी तोंड उघडलं. आणि तेव्हा लक्षात आलं, हे बेचाळिसावं नाव आहे. वाटेवरचं शेवटचं. ज्या दाराशी जायचं नाही, त्याचं नाव तिथं घेतलं तर आधीची एकेचाळीस फुकट जातात. माझ्या बापाने एकदा मक्याच्या सौद्यासाठी खोटं दार सांगितलं होतं, त्या फेरीत सहा जनावरं दरीत गेली. दोन्या रेमेदियोस चांगली बाई असेल, पण मी तिच्या दाराशी चाललो नव्हतो. मी तुझ्या दाराशी चाललो होतो. आणि तुझं नाव गणवेशापुढं घ्यायचं नाही, असं तूच लिहिलं होतंस. मी तिथंच अडकलो. खोटं नाव घेववेना, खरं घेता येईना.

तिने तीनदा विचारलं. मग दुसऱ्या माणसाने विचारलं. मग एका खोलीत बसवलं, तिथं आपल्याकडची आणखी माणसं होती. सूप दिलं, पांघरूण दिलं. त्या बाईने जाताना पुन्हा येऊन हळूच विचारलं, "नुसतं एक नाव सांगा, आजोबा, मग बघू." मी मान हलवली. दूर कुठंतरी एक मूल रडत होतं. ती नायरा आहे असं मी ठरवून टाकलं आणि तेवढं ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसवलं. ही फेरी उजेडाची होती. सूर्य आमच्याबरोबरच चालत होता, मावळायलाच तयार नव्हता. जाताना गळलेले पाच तास येताना परत मिळाले, एक मिनिटही कमी नाही. मी उलटी नावं घेत आलो. एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. खडे तेवढेच उरले होते. शेवटचा खडा संपला तेव्हा मी आपल्या दारात होतो.

तू रागावली आहेस. रागाव. मी नायराला बघितलं नाही, आणि आता शिक्का लागतो, म्हणजे बहुतेक बघणारही नाही. ते मला रोज टोचतं. पण एक सांगतो. सहा वर्षांपूर्वी तुटलेली वाट मी जोडली. जातानाही नावं घेतली, येतानाही. आता तिच्यावरून तुला कधीही येता येईल. यायलाच हवं असं नाही. वाट आहे, एवढं तुला ठाऊक असावं.

बेचाळिसावं नाव मी कुणाला दिलं नाही. ते माझ्यापाशी आहे.

ताता


उयुनी, ९ जुलै २००७

ताता,

ही चिठ्ठी मिठाच्या ट्रकवाल्याबरोबर पुढं पाठवतेय. ट्रकमध्ये बाळाला घेऊन बसायला जागा नाही, आणि या थंडीत मी तिला मागे गोण्यांवर बसवणार नाही. उद्या सकाळच्या बसने येते.

हो, मी उयुनीत आहे. पुन्हा वाचू नका, बरोबर वाचलंत.

तुमचं पत्र आल्यावर दोन महिने मी कामाला जात राहिले. "रोसाउरा, खिडक्या." "रोसाउरा, दूध उतू गेलं." मी हो म्हणायची. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, माझं नाव एका म्हाताऱ्याने दातांखाली धरून ठेवलंय. पुन्हा पुन्हा विचारलं तरी सोडलं नाही, नात दिसायची संधी गेली तरी सोडलं नाही. आणि मी इथं दुसऱ्याच्या नावाला हो म्हणतेय. एक दिवस नायराला खेळवताना दोन्या रेमेदियोस म्हणाली, "बघ, तुझी आई रोसाउरा आली." नायरा माझ्याकडे बघून हसली. त्याच आठवड्यात मी तिकीट काढलं.

आता मला परत जाता येणार नाही. ते सगळं विचार करून झालंय. इथं काय करायचं ते बघू. लामा किती उरलेत, बावीस ना?

दॉन लेआंद्रोंनी विमानतळावर सोडलं. निघताना मी त्यांना माझं खरं नाव सांगितलं. त्यांनी टोपी काढली.

मी खिडकीशी बसले होते. तुम्ही सांगितलंत ते पाणी बघितलं. ताता, सहा वर्षांपूर्वी मी याच पाण्यावरून गेले होते आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते. या वेळी नाही मिटले. दर अर्ध्या तासाला नायराच्या कानात एकेक नाव सांगितलं. तोसिल, नुरेम, इसाको, बोल्गा. सूर्य मावळत नव्हता, अगदी तुम्ही लिहिलंत तसा. मग सांताक्रूझपासून तुमची सतरा. ती सगळी मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. लहानपणी टेकडीवर तुमच्या पाठीशी उभी राहून ऐकलेली, एकामागून एक येत गेली.

आणि हो, त्या दिवशी विमानतळावर नायरा रडलीच नव्हती, झोपली होती. ते दुसऱ्या कुणाचं तरी बाळ असेल. पण तुम्ही ठरवलंत ना, मग तीच.

एकेचाळीस माझी घेऊन झाली. बेचाळिसावं मी घेणार नाही, ते तुमच्याकडे आहे. उद्या बस वळणावर दिसली की दारात उभे राहा, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मोठ्याने घ्या. तिथं गणवेशवाला कुणी नसेल.

नायरा आठ महिन्यांची झाली. तिने अजून आपल्या आईचं नाव ऐकलेलं नाही.